पहिला आवाज पुसू नये



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी मला आठवीत मराठी शिकवलं. सरांची एक सवय त्यांच्या साऱ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. वर्गातल्या प्रत्येकाचा पहिला निबंध ते स्वतःजवळ ठेवून घेत. मला रेडिओत नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी कपाटातून एक पिवळी पडलेली वही काढून माझ्या हातात ठेवली. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा माझा निबंध तिच्यात होता. मी चार ओळी वाचल्या आणि वही मिटली. मला फार लाज वाटली. सर म्हणाले, “आज फाडू नकोस. अजून वीस वर्षांनी वाच, मग काय करायचं ते ठरव.”

वीस वर्षांनी ती वही मी पुन्हा उघडली. त्या वेळी काय झालं ते शेवटाकडे सांगेन. आज मला बोलायचं आहे ते कलावंताच्या अगदी सुरुवातीच्या आवाजाबद्दल. तो आवाज कुणी टिपला, कुणी सांभाळला, ज्याचा होता त्याला तो का नकोसा झाला आणि पुढे तो पुन्हा ऐकल्यावर काय घडलं, याबद्दल. त्यासाठी मी एका कॅनेडियन गायिकेची गोष्ट निवडली आहे. तिचं नाव जोनी मिचेल. ती स्वतः गाणी लिहिते, त्यांना चाल लावते आणि गाते. तिची सुरुवातीची कितीतरी गाणी रेडिओच्या स्टुडिओत किंवा रेडिओसाठी ध्वनिमुद्रित झाली होती. ती फार वर्षांनी लोकांसमोर आली. रेडिओत आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट आपल्या घरचीच वाटते.

सास्काटून हे कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलं शहर. चहूकडे गव्हाची सपाट शेतं आणि लांबलचक हिवाळा. तिथे सीएफक्यूसी नावाचं रेडिओ केंद्र होतं. १९६३ च्या सुमारास बॅरी बोमन नावाच्या तिथल्या तरुण निवेदकानं एका मुलीला माइकसमोर बसवलं. तिचं नाव जोनी अँडरसन. वय अवघं एकोणीसच्या घरातलं. मिचेल हे आडनाव अजून लागलेलं नव्हतं. तिच्या हातात गिटारही नव्हती. मोठ्या आकाराची, खालच्या सुरांत वाजणारी चार तारांची युकुलेली होती. तिनं एकामागून एक नऊ गाणी म्हटली. बोमननं ती टेपवर घेतली.

त्यांतलं एकही गाणं तिचं स्वतःचं नव्हतं. ‘द हाऊस ऑफ द रायझिंग सन’ होतं. पुढच्याच वर्षी ‘द ॲनिमल्स’ या इंग्लिश बँडनं ते जगभर नेलं. ‘जॉन हार्डी’ होतं, म्हणजे वेस्ट व्हर्जिनियात १८९४ मध्ये फाशी गेलेल्या एका रेल्वेमजुराची कहाणी. ‘डार्क ॲज अ डंजन’ हे कोळशाच्या खाणीतलं गाणं होतं आणि डब्लिनच्या रस्त्यावर मासळी विकणाऱ्या पोरीचं ‘मॉली मलोन’ही होतं. गव्हाच्या प्रदेशात वाढलेली ही मुलगी खाणकामगारांची, मजुरांची आणि कोळणींची गाणी गात होती.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग यात तिचं काय? आपल्याकडे जात्यावर बसणाऱ्या बाईला हा प्रश्न कुणी विचारला नसता. सासरी आलेली मुलगी पहिल्यांदा जात्यावर बसते, तेव्हा तिच्या तोंडात आईची, आजीची, मावशीची ओवी असते. खुंटा हाताला रुळतो, दळण्याची लय अंगात भिनते आणि मग एके दिवशी त्या चालीत तिचं स्वतःचं वाक्य येऊन बसतं. आपली ओवी कुठे सुरू झाली ते तिलाही सांगता येत नाही. गी पॉइटविन, हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या वाचताना हेच दिसतं की उसनी चाल आणि स्वतःचं दुःख यांच्यात कुंपण नसतं. सास्काटूनच्या त्या टेपवर जोनी जात्याचा खुंटा नुकताच हातात धरते आहे. दळण अजून दुसऱ्याचं आहे.

तो खुंटा धरणारा हात कसा होता, तेही सांगायला हवं. रॉबर्टा जोन अँडरसन ७ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्बर्टातल्या फोर्ट मॅक्लाउड इथे जन्मली. वडील हवाई दलात होते, पुढे त्यांनी किराणा व्यवसायात काम केलं. आई मर्टल शिक्षिका होती. नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला. घरापासून दूर इस्पितळात पडून असताना ती ख्रिसमसची गाणी मोठमोठ्यानं म्हणायची, असं तिनं पुढे अनेकदा सांगितलं आहे. आजारी मुलांचा तो वॉर्ड म्हणजे तिचे पहिले श्रोते. त्या आजारातून ती उठली, पण डाव्या हाताची ताकद कमी झाली ती कायमचीच.

आईला गिटार पसंत नव्हती, म्हणून मुलीनं साठवलेल्या पैशांतून युकुलेली घेतली. पुढे गिटार आली तेव्हा पीट सीगर यांच्या गिटार शिकवणाऱ्या तबकडीवरून ती वाजवायला शिकू लागली. पण त्या तबकडीतल्या कितीतरी पकडी तिच्या डाव्या हाताला पेलेनात. मग तिनं तारांचे सूरच बदलले. हाताला जमेल अशा बेतानं तारा लावायच्या आणि त्यांतून निघतील त्या स्वरांवर गाणं बांधायचं. तारा लावण्याच्या अशा पन्नासहून अधिक पद्धती तिनं पुढे वापरल्या. तिच्या गाण्यांतले अनपेक्षित, तरंगते स्वरमेळ ऐकून जगभरचे गिटारवादक चक्रावले. त्यांचा उगम त्या कमजोर डाव्या हातात आहे.

१९६३ च्या टेपवर हे काहीच ऐकू येत नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते. ऐकू येतो तो एक उंच, स्वच्छ, थोडासा ताठ आवाज. ती नीट म्हणण्याची काळजी घेते आहे. परीक्षेला बसलेली मुलगी उत्तर घोकून आल्यावर जशी बोलते, तशी. पण मध्येच, एखाद्या लांबवलेल्या स्वराच्या शेवटी, ती घोकंपट्टी सुटते आणि क्षणभर कुणीतरी वेगळंच डोकावून जातं. तो क्षण ऐकण्यासाठी मी ती नऊ गाणी कितीदा लावली असतील, त्याची गणती नाही.

सास्काटूनमध्ये लुई रिएल नावाचं एक कॉफीहाऊस होतं. १९६२ च्या ऑक्टोबरअखेरीला तिथे तिला गाण्याचे पहिल्यांदा पैसे मिळाले. चित्रकार व्हायचं म्हणून ती कॅल्गरीच्या कलाशाळेत गेली. १९६४ मध्ये ती टोरांटोला आली. इथे तिच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ सुरू झाला. ती गरोदर होती, अविवाहित होती आणि हातात पैसे नव्हते. फेब्रुवारी १९६५ मध्ये तिला मुलगी झाली. सांभाळण्याची ऐपत नसल्यानं ती मुलगी तिला दत्तक द्यावी लागली. घरी तिनं हे कळू दिलं नव्हतं.

त्याच १९६५ सालातली एक टेप आज आपल्याला ऐकता येते. जोनीनं चक मिचेल या गायकाशी लग्न केलं होतं आणि ती अमेरिकेत डेट्रॉइटला राहत होती. आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिनं आपली गाणी टेप करून पाठवली. ही गाणी मात्र तिची स्वतःची होती. दोन वर्षांत दळण बदललं होतं. त्यांत ‘अर्ज फॉर गोइंग’ आहे. हिवाळा येऊ घातलाय, सगळे निघून चाललेत आणि आपल्यालाही निघावंसं वाटतं आहे, असं त्या गाण्याचं मन.

श्रोतेहो, लेकीनं आईला पाठवलेली ही टेप ऐकताना मला कापरं भरतं. ज्या वर्षी आपल्या पोटची मुलगी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली, त्याच वर्षी ती आईला गाणी पाठवते आहे. आईला यातलं काही ठाऊक नाही. सांगायचं ते तिला सांगता येत नाही, पण गाता येतं. माहेरी निरोप धाडताना आपल्या बायकांनी ओवीचा आधार घेतला, तो याच अडचणीतून. पुढे त्या दत्तक दिलेल्या मुलीवर तिनं ‘लिटल ग्रीन’ हे गाणं लिहिलं. ऑक्टोबर १९६७ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथल्या कँटरबरी हाऊसमध्ये ती ते गायली. १९७१ साली ‘ब्लू’ या अल्बममध्ये ते आलं. ते गाणं कुणासाठी आहे, हे तेव्हाच्या ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. मायलेकींची भेट व्हायला १९९७ साल उजाडलं.

आता फिलाडेल्फियाला जाऊ. तिथे जीन शे नावाचे एक निवेदक डब्ल्यूएचएटी या केंद्रावर ‘फोकलोअर’ हा लोकसंगीताचा कार्यक्रम करत. १९६२ साली फिलाडेल्फिया फोक फेस्टिव्हल सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. नव्या गाणाऱ्यांना त्यांच्या स्टुडिओचं दार उघडं असे. त्या शहरात सेकंड फ्रेट नावाचं कॉफीहाऊस होतं. तिथे गायला आली की जोनी शे यांच्या कार्यक्रमात जायची.

मार्च १९६७ मध्ये तिनं तिथे एक गाणं म्हटलं. अगदी ताजं, नुकतंच लिहिलेलं. ते कसं सुचलं, हे तिनं श्रोत्यांना तिथेच सांगितलं. विमानात ती सॉल बेलो यांची ‘हेंडरसन द रेन किंग’ ही कादंबरी वाचत होती. कादंबरीतला माणूसही विमानात बसून खाली ढगांकडे बघत असतो. तिनं पुस्तक मिटलं, खिडकीतून खाली पाहिलं, तर तिच्याही खाली ढग होते. त्यातून ‘बोथ साइड्स, नाऊ’ हे गाणं झालं. ढग, प्रेम आणि आयुष्य या तिन्ही गोष्टी दोन्ही बाजूंनी पाहिलेलं माणूस त्यात बोलतं. गाताना ती तेवीस वर्षांची होती.

त्या क्षणी त्या गाण्याची ना तबकडी निघाली होती, ना त्याला कीर्ती होती. ते नीट वठलंय की नाही याची खात्री गाणारीलाही नसणार. रेडिओच्या स्टुडिओचं मोल इथे कळतं. मैफलीत माणूस जमलेलं गाणं घेऊन जातो. तबकडीसाठी पैसे मोजलेले असतात, तिथे चूक परवडत नाही. पण रात्रीच्या कार्यक्रमात, ओळखीच्या निवेदकासमोर, काचेपलीकडे एकच माणूस बसलेला असताना कच्चं गाणं बाहेर काढायचा धीर येतो. निवेदक विचारतो, “हे कसं सुचलं?” आणि अजून थंड न झालेलं कारण ओठावर येतं. पुढे शंभर मुलाखतींत तेच उत्तर पाठ होऊन जातं. पहिल्या वेळी ते पाठ झालेलं नसतं.

त्या गाण्याचा पुढचा प्रवास तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. १९६७ मध्येच एका रात्री ते फोनवरून गायिका जूडी कॉलिन्सच्या कानांवर पडलं. तिनं ते गायलं आणि १९६८ च्या अखेरीस ते अमेरिकेतल्या पहिल्या दहा गाण्यांत गेलं. जोनीचं स्वतःचं ध्वनिमुद्रण त्यानंतर, १९६९ मध्ये आलं. २००० साली, छप्पन्न वर्षांची असताना, तिनं ते पुन्हा गायलं. मागे मोठा वाद्यवृंद होता आणि आवाज खर्जात उतरला होता. २०१५ साली मेंदूतल्या रक्तस्रावानं तिचं बोलणं-चालणंच थांबलं. ती पुन्हा बोलायला, चालायला शिकली. गिटारवर बोटं कुठे ठेवायची हे तिनं स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून परत शिकून घेतलं. जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात खुर्चीत बसून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जोनीनं तेच गाणं गायलं. १९६९ नंतर ती तिथे पहिल्यांदाच आली होती.

आपल्या हाती आता तेवीस, छप्पन्न आणि अठ्ठ्याहत्तर अशा तीन वयांतलं एकच गाणं आहे. पैकी पहिलं रेडिओमुळे आहे.

इथे मी जरा थांबते आणि टेपचा एक गुणधर्म सांगते. आम्ही पाव इंची टेपवर काम केलं. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर लोह ऑक्साइडच्या चूर्णाचा थर. ती स्पूलवर गुंडाळली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकेच उमटतं. टेप वर्षानुवर्षं पडून राहिली की हा ठसा ऐकू येऊ लागतो. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याच गाण्याची पहिली ओळ अगदी क्षीण, दुरून आल्यासारखी ऐकू येते आणि मग प्रत्यक्ष ओळ येते. म्हणून आम्हाला शिकवलेलं असे की ठेवायची टेप उलट गुंडाळलेली ठेवा, शेवट बाहेरच्या बाजूला येईल अशी. म्हणजे तो ठसा मुख्यतः आवाजाच्या मागे पडतो, पुढे येत नाही. मागून येणारा प्रतिध्वनी कानाला खपतो, आधीच येणारा खपत नाही.

थोर झालेल्या कलावंताची सुरुवातीची टेप ऐकताना आपल्याच कानांत असा उलटा प्रतिध्वनी उमटतो. ‘ब्लू’ माहीत असल्यामुळे १९६३ च्या ‘मॉली मलोन’मध्ये आपण ‘ब्लू’ शोधू लागतो. “बघा, इथेच सगळं होतं!” असं म्हणायचा मोह होतो. तो टाळावा असं मला वाटतं. तिथे सगळं नव्हतं. तिथे एकोणीस वर्षांची एक मुलगी होती आणि आपण कोणत्या वाटेनं जाणार हे तिला माहीत नव्हतं. तशाच नऊ गाण्यांच्या टेप त्या काळात शेकडो मुलामुलींनी भरल्या असतील, आणि त्यातले बहुतेक पुढे शिक्षक, दुकानदार, आईबाप झाले असतील. त्यांच्या टेपही तितक्याच खऱ्या. सुरुवातीचा आवाज मोलाचा ठरतो तो त्याच्यात भविष्य दडलेलं असतं म्हणून नव्हे. भविष्य कळलेलं नसतानाही माणूस गातो, म्हणून तो मोलाचा.

आता आपल्याच सुरुवातीची जी लाज वाटते, तिच्याकडे वळते. जोनी मिचेलचा पहिला अल्बम मार्च १९६८ मध्ये आला. तो तिनं आपल्या सातवीतल्या शिक्षकांना, क्रॅट्झमन यांना, अर्पण केला. शब्दांवर प्रेम करायला शिकवणारे, असं त्यांच्याविषयी तिथे लिहिलं आहे. मुलगी चित्रं काढते हे पाहून, जिला रंगांनी चितारता येतं तिला शब्दांनीही चितारता येईल, असं ते तिला म्हणाले होते. सरांच्या या गावात अशा शिक्षकांची ओळख निराळी करून द्यायला नको.

त्यानंतर ती झपाट्यानं पुढे गेली. जॅझमध्ये गेली, चार्ल्स मिंगससारख्या थोर वादकाबरोबर तिनं काम केलं. लोकसंगीताच्या गायिकेचा शिक्का तिला नकोसा झाला. कुणी फोकसिंगर म्हटलं की ती ते खोडून काढी. सुरुवातीच्या टेप चाहत्यांमध्ये गुपचूप फिरत होत्या, पण तिनं स्वतः त्या कित्येक दशकं बाहेर काढल्या नाहीत. ‘अर्ज फॉर गोइंग’ तर टॉम रश आणि जॉर्ज हॅमिल्टन चौथे यांनी तिच्याआधी लोकांपर्यंत नेलं. तिच्या आवाजातलं ते गाणं १९७२ मध्ये एका एकेरी तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. पुढच्या बाजूच्या गाण्याचं नाव होतं ‘यू टर्न मी ऑन, आयॅम अ रेडिओ’. ज्या माध्यमानं तिची सुरुवात टिपली त्याच्यासाठी लिहिलेलं गाणं पुढे आणि ती सुरुवात मागे, अशी ती तबकडी.

ऑक्टोबर २०२० मध्ये तिच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचा पहिला संच अधिकृतपणे निघाला. १९६३ ते १९६७ या वर्षांतल्या पाच सीडी, जवळपास सहा तासांचं गाणं. आधी कधीच प्रसिद्ध न झालेली तिची स्वतःची २९ गाणी त्यात आहेत. सास्काटूनची टेप आहे, आईच्या वाढदिवसाची टेप आहे, फिलाडेल्फियाच्या रेडिओवरची गाणी आहेत. त्या संचाला पुढे ग्रॅमी मिळालं. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्या वेळच्या मुलाखतीतली तिची कबुली. ती सारी गाणी पुन्हा ऐकल्यावर तिनं मोकळेपणानं सांगितलं की या गाण्यांकडे आपण उगाच तुच्छतेनं पाहत होतो, ती सुंदर आहेत, आणि ती ऐकून आपल्या सुरुवातीला आपण माफ करू शकलो.

आपल्या सुरुवातीला माफ करणं. श्रोतेहो, आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. माफ करायला ती गोष्ट शिल्लक असावी लागते. टेप पुसली गेली असती तर सत्त्याहत्तरीच्या उंबरठ्यावर ती बाई कुणाला माफ करणार होती? तिच्याकडे उरली असती फक्त लाज. लाज टिकायला पुरावा लागत नाही. माफीला लागतो.

तो पुरावा कुणी सांभाळला? एका छोट्या शहरातल्या निवेदकानं, वाढदिवसाची भेट मिळालेल्या आईनं, रात्रीच्या कार्यक्रमातल्या सूत्रधारानं. जीन शे एप्रिल २०२० मध्ये कोविडनं गेले. सहा महिन्यांनी निघालेला तो संच त्यांना पाहायला मिळाला नाही. सांभाळणाऱ्याच्या नशिबी अनेकदा हेच येतं. तो ठेवतो, उघडतं दुसरंच कुणी.

आपल्याकडेही रेडिओनं असे आवाज टिपले. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडे प्रसारित झालं. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीतं आणि सुधीर फडके यांचं संगीत. आज बहुतेकांच्या कानांत ती फडके यांच्याच आवाजात आहेत. पण पहिल्या प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, लता मंगेशकर असे किती वेगवेगळे गळे होते! ज्यांनी ते ऐकलं, त्यांच्यासाठी रामकथा म्हणजे पुष्कळांनी मिळून सांगितलेली गोष्ट होती. नंतरचं रूप मोठं आहेच. पण पहिलं रूप कळल्यावर दुसरंही अधिक कळतं.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत जात्यावरच्या ओव्यांचा एक कार्यक्रम माझ्याकडे आला. एक बाई पहिल्यांदाच स्टुडिओत आल्या होत्या. त्यांनी माइककडे पाहिलं, पदर सारखा केला आणि विचारलं, “झालं का गं सुरू? की अजून म्हणू नको?” मग स्वतःशीच हसल्या आणि त्याच हसण्यातून त्यांनी पहिली ओवी उचलली. मध्येच थांबल्या, “हे माझ्या आईचं हां, माझं पुढं येतंय,” म्हणाल्या आणि पुन्हा गायला लागल्या. मी ते ध्वनिमुद्रण बाद ठरवलं. त्यांच्याकडून आणखी दोनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या वेळी ओव्या सलग, स्वच्छ आल्या. ती तीन मिनिटं मी प्रसारित केली. टेपची टंचाई असायची, वरून सूचनाही तशीच होती, म्हणून पहिलं ध्वनिमुद्रण पुसून तीच टेप दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाला लावली. बटण माझ्याच बोटानं दाबलं होतं.

पुष्कळ वर्षांनी त्या बाईंची मुलगी शोधत आली. आई गेली होती. मी ती तीन मिनिटं तिला ऐकवली. तिनं डोळे मिटून ऐकलं, डोळे पुसले. मग म्हणाली, “आवाज आईचाच आहे. पण ताई, आई गाताना मध्ये मध्ये बोलायची. हसायची. ते कुठंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईचं कुठे संपलं आणि स्वतःचं कुठे सुरू झालं, हे त्या माउलीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं आणि मी तेच पुसलं होतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या घरांत कॅसेट असतील. कुणाच्या बारशाचा पाळणा, आजोबांचं कीर्तन, गल्लीतल्या मेळ्यातलं गाणं, शाळेतल्या मुलानं म्हटलेला पोवाडा. त्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन छोटे चौकोनी खिट्टे असतात. ते आज मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही टेप होणार नाही. ओलीपासून, उन्हापासून, स्पीकरच्या चुंबकापासून ती दूर ठेवा. आपल्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, जाणकाराकडे न्या. संगणकावर उतरवून घ्या. उतरवताना सुरुवातीचं खाकरणं, मधलं बोलणं, शेवटची शांतता कापू नका. आणि वेष्टणावर नाव, गाव, साल लिहा. नाव नसलेला आवाज दोन पिढ्यांत अनोळखी होतो.

याला जोडून आणखी एक गोष्ट. सांभाळणं आपलं काम आहे, उघडणं त्यांचं. ज्याचा आवाज आहे तो हयात असेल तर त्याला विचारल्याशिवाय तो चारचौघांत वाजवू नका. जोनीला तिच्या सुरुवातीशी समेट करायला पन्नासहून अधिक वर्षं लागली आणि तेवढी वर्षं घेण्याचा तिला अधिकार होता. लाज वाटते म्हणून कुणी टेप फाडायला निघालं, तर सरांनी मला सांगितलं तेच त्याला सांगा. आज नको. वीस वर्षांनी ठरव.

सरांनी दिलेली वही मी वीस वर्षांनी उघडली, तेव्हा निबंध तसाच होता. ठरावीक वाक्यं, पाठ केलेली विशेषणं, हिरवा शालू नेसलेली धरती. पण मधोमध एक वाक्य होतं. कौलांतून गळणाऱ्या धारेखाली आई वाटी ठेवते, तांब्या ठेवते की घमेलं, यावरून पाऊस किती मोठा ते आम्हाला कळायचं. हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी आमच्या घरात पाहिलं होतं. त्याच्याखाली सरांच्या हातची लाल रेघ होती. ती रेघ मला वीस वर्षं दिसली नव्हती, कारण चार ओळींतच मी वही मिटली होती.

ती वही आज मी सोबत आणली आहे. सरांच्या कपाटात अजून पुष्कळांच्या वह्या आहेत, त्यांच्या घरच्यांनी त्या नीट ठेवल्या आहेत. तुमच्यापैकी कुणाची असेल तर जाऊन घेऊन या, आणि चार ओळींवर थांबू नका.